आगगाडीतला साहेब आणि माझं संमतीपत्र

संमतीपत्राचा मराठी नमुना मी स्वतः तयार केला होता. एथिक्स कमिटीने तो दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा पास केला. त्यातल्या एका ओळीचा मला विशेष अभिमान होता: ‘आपण दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल.’ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, एका निवृत्त नर्सबाईंच्या अंगणात बसून मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि विचारलं, "कोणापासून?"

मी म्हटलं, म्हणजे?

"गोपनीय कोणापासून? तुझ्या सरांपासून पण?"

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. सर वाचणार, परीक्षक वाचणार. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पोरी, ते रेकॉर्डर आधी बंद कर. काही गोष्टी त्याच्यासमोर सांगीन, काही नुसत्या तुले सांगीन."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: माझी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीत आहे आणि पीएचडीचं काम आपल्या जिल्ह्यातल्या मिशन दवाखान्यांच्या इतिहासावर चाललं आहे. लॅबमधून आलेल्या माणसाला पुरावा म्हणजे परत परत मोजता येणारी गोष्ट असं वाटतं. या विषयात मला मोजता न येणारी जी पहिली गोष्ट भेटली ती म्हणजे माणसांचं आपसातलं बोलणं. श्रद्धेबद्दल कोणी कोणाशी काय बोललं, कोणी कोणावर विश्वास टाकला, याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये असते? बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव, तारीख आणि पाळकाची सही सापडते. त्याआधीची दोन-चार वर्षं त्या रकान्यांत बसत नाहीत. मिशनचे वार्षिक अहवाल असतात, पण ते परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले. त्यात कोण आलं ते ठळक असतं, कोण कसं घाबरलं ते क्वचितच.

म्हणून आज एकाच संभाषणाबद्दल लिहिते. ते १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत झालं. तुमच्यापैकी जे मौखिक साधनांवर काम करायचं म्हणताहेत, त्यांनी सरावासाठी हेच उदाहरण घ्यावं असं मला वाटतं.

प्रवासी होते नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत. शाळेतल्या फुलांच्या-मुलांच्या कवितांमुळे आपल्याला माहीत असलेले रेव्हरंड टिळक, पण तेव्हा रेव्हरंड व्हायचे होते. वय एकतीस. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, घर चित्पावन ब्राह्मणाचं, संस्कृतचा अभ्यास दांडगा, नोकरीत पाय कुठेच टिकलेला नाही. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी काही काळ लेखन-संपादन केलं होतं आणि आता राजनांदगाव संस्थानात कामाला निघाले होते. जातिभेद मनाला पटत नव्हता, मूर्तिपूजेबद्दल शंका होत्या. एखादा नवाच धर्म काढावा की काय, असंही डोक्यात चाललेलं.

टिळकांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार डब्यात एक गोरा साहेब होता. तो आपल्याला उतरायला लावेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्या काळी ती वावगी म्हणता येणार नाही. पण साहेबाने नीट जागा करून दिली. गप्पा निघाल्या त्या संस्कृत काव्यावरून. पुढे गाडी धर्मावर आली. उतरण्याआधी साहेबाने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत हास्यास्पदच वाटलं. पण पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. सुरुवातीला रस वाटला नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता तुमच्यातला विज्ञानवाला जागा झाला असेल तर त्याने इथे हात वर केला पाहिजे. दोन वर्षांचं भाकीत आणि जवळजवळ दोनच वर्षांनी बाप्तिस्मा? शेवट माहीत असलेला माणूस सुरुवात सांगतो तेव्हा सुरुवात हळूहळू शेवटाला जुळत जाते. हे खोटं बोलणं नव्हे, आठवणीची सवय आहे. मीही आधी हा प्रसंग ‘आख्यायिका’ असा शेरा मारून बाजूला ठेवला होता.

परत काढला तो साहेबामुळे. टिळकांच्या चरित्राच्या काही मांडण्यांमध्ये त्याचं नाव अर्नेस्ट वॉर्ड असं दिलेलं आढळतं. वॉर्ड हे अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट चर्चचे. १८८१ साली ते भारतात आले आणि आधी बऱ्हाणपूरला राहिले. आणि यवतमाळच्या माणसाला फ्री मेथडिस्ट हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. जिल्ह्यातली कितीतरी मिशनची कामं त्यांची. १९५३ मध्ये यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याला गेलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीची गोष्टही त्यांच्यापासूनच सुरू होते. नाव वाचलं आणि मला वाटलं, सापडला आपल्या जिल्ह्याचा धागा! रात्रभर झोप नाही. (इथे एक कामाची सूचना. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्या नावाने, म्हणजे इंग्रजी कागदांत ‘वून’ म्हणून नोंदलेला आहे. त्यानंतरचं इंग्रजी स्पेलिंगही आजच्यासारखं नाही, उच्चाराला ‘येओतमाल’ होईल असं आहे. हे कळेपर्यंत माझे तीन आठवडे वाया गेले.)

सकाळी मात्र गाईडना फोन करायची घाई केली नाही. ‘साहेब’ या शब्दात इंग्रजही बसतो, अमेरिकनही बसतो. आपल्या जिल्ह्याशी नाव जुळतंय याचा आपल्याला आनंद होतो, हाच मुळी सावध व्हायचा मुद्दा. प्रबंधात मी त्याला आज तरी ‘सहप्रवासी’च म्हणते. आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा मला तपशिलाचा क्रम जास्त बोलका वाटतो. आधी जागा करून दिली, मग काव्य, मग धर्म. भाकीत मागाहून गोष्टीला चिकटलं असेल, पण साहेबाने हाकलून दिलं नाही याचं नवल टिळकांना आयुष्यभर लक्षात राहिलं. परधर्मीयाच्या हातचं पुस्तक दिलेल्या शब्दाखातर वाचून काढणं हेही त्यातलंच. दोन अनोळखी माणसांनी काही तास एकमेकांवर टाकलेला विश्वास एवढं तरी त्यातून हाती लागतं, आणि इतिहासाला तेवढंही रोज मिळत नाही.

पण या गोष्टीचा जड भाग गाडीत नाहीच. तो घरी आहे.

लक्ष्मीबाईंचं लग्न १८८०च्या सुमारास, अकरा-बारा वर्षांच्या असताना झालं. वडिलांच्या घरचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. नातेवाइकांनी त्यांना पंढरपूरला नेलं आणि नवरा-बायको सुमारे पाच वर्षं एकमेकांपासून दूर राहिली.

इथे जरा कायदा बघा, कारण कायद्याची कलमं न वाचता सामाजिक इतिहास लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. १८५०च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, एवढी सोय केली होती. १८६६चा कायदा आणखी पुढे गेला. धर्मांतर केलं म्हणून जोडीदाराने सलग सहा महिने टाकून दिलं, तर धर्मांतरिताला विवाह मोडण्यासाठी कोर्टात जाता येत होतं. पण न्यायाधीशाने लगेच विवाह मोडायचा नाही. खटला एक वर्ष पुढे ढकलायचा आणि त्या वर्षात नवरा-बायकोची भेट घडवून आणता येत होती. कुठे, किती वेळ, कोणाच्या समोर, ते कोर्ट ठरवणार. नकार तिचा स्वतःचा आहे की आजूबाजूच्यांचा, हे त्यातून पाहायचं. मला हे कलम वाचून थांबावंसं वाटलं. ब्रिटिश कायद्याला कळलं होतं की दोघांना बोलू दिल्याशिवाय खरं काय ते समजणार नाही, पण ते बोलणं कोणाच्या तरी देखरेखीखाली! माझ्या रेकॉर्डरसारखंच की.

टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. वाट पाहणाऱ्याचं कौतुक करणं सोपं आहे, म्हणून मी ते फार करणार नाही. निर्णय त्यांचा होता, लोकांच्या नजरा आणि टोमणे मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. शेवटी मुलाला घेऊन त्या नगरकडे आल्या. आल्या म्हणून ख्रिस्ती झाल्या असं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं चालू. एकाच संसारात दोन धर्म. काही काळाने स्वतःशीच विचार करून त्या अशा निष्कर्षाला आल्या की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत. मग त्यांनी इतरांच्या हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्याच्यानंतर. हा क्रम नीट लक्षात ठेवा. रजिस्टरमध्ये फक्त शेवटची पायरी दिसते. धैर्य लागलं ते कदाचित त्या पहिल्या पाण्याच्या घोटाला, आणि त्या दिवशी साक्षीदार म्हणून सही करायला कोणी नव्हतं.

हे आपल्याला कळतं ते ‘स्मृतिचित्रे’मुळे. १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. म्हणजे घटनेपासून जवळपास चाळीस वर्षांनी. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून आईकडून आठवणी मागत होता, त्यातून हे लेखन उभं राहिलं. साधन म्हणून त्यात अडचणी भरपूर आहेत: तारखा पुसट, संवाद चाळीस वर्षांनी आठवलेले, सांगणारी बाई जबरदस्त विनोदी. पहिल्यांदा वाचताना मी संवादांपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्हं काढत गेले. दुसऱ्यांदा वाचताना वेगळीच गोष्ट दिसली. त्या नवऱ्याला सोडत नाहीत. त्याचा रागीटपणा, विसरभोळेपणा, पैशाच्या बाबतीतला आनंदीआनंद, सगळं येतं. आणि स्वतःची फजिती तर आधी येते. धर्मांतराच्या छापील साक्षींमध्ये बदलाआधीचा माणूस वाईट आणि नंतरचा चांगला असा साचा असतो. इथे दोन्ही बाजूंना तीच माणसं, तशीच भांडणारी. साचा मोडणारा तपशील जास्त विश्वासार्ह, हा नियम तुम्ही पद्धतिशास्त्राच्या पेपरमध्ये लिहाल. मला तो या पुस्तकाने शिकवला.

तर परत त्या अंगणात. रेकॉर्डर चालू असताना नर्सबाईंनी रात्रपाळीबद्दल सांगितलं. रात्री दिवा कमी करून त्या प्रार्थना करायच्या, तेव्हा जागी असलेली एखादी बाई विचारायची, सिस्टर, तुम्ही मनात काय म्हणता? त्या आधी उलट विचारायच्या, तुम्ही काय म्हणता? एक म्हातारी हरिपाठ म्हणायची. "मग ती तिचं म्हणे, मी माझं. सकाळी दोघी चहा घेऊ." एकदा एका पोराच्या बापाने विचारलं, तुमच्या प्रार्थनेने हा वाचेल का? "मी म्हटलं, ते मले माहीत नाही भाऊ, पण मी सकाळपर्यंत इथून हलणार नाही."

त्या पोराचं काय झालं, हे त्यांनी रेकॉर्डर बंद केल्यावर सांगितलं. त्याच्यासोबत आणखीही काही. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाला त्याची फार गरज होती, आजही आहे. गाईडना मी एवढंच सांगितलं की एक भाग संमतीबाहेरचा आहे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की तुझं प्रकरण लंगडं होईल. झालंय लंगडं. संमतीपत्र मात्र बदलून घेतलं. आता त्यात ‘गोपनीय’ या शब्दापुढे कोण कोण वाचणार त्यांची यादी आहे, आणि कुठला भाग वगळायचा ते लिहायला मोकळ्या ओळी. कमिटीने विचारलं, या ओळी कशाला. मी सांगितलं, एका माहिती देणाऱ्या बाईंनी सुचवलं.

दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे टाइप केलेला मजकूर घेऊन गेले आणि वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं झोप लागली. संपल्यावर म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. एक शब्द बदल. ‘दवाखान्यात’ लिहिलं तिथे ‘वॉर्डात’ लिही. दवाखान्यात डॉक्टर असतात. रात्री वॉर्डात आम्हीच असायचो."