रक्ताचा नमुना गोठवला तर अँटिबॉडी टेस्ट चुकते का?

या प्रश्नाचं एका ओळीतलं उत्तर असं: सीरम गोठवलं तर सहसा बिघडत नाही, रक्त गोठवलं तर बिघडतं. पण हा फरक मला पुस्तकातून नाही, स्वतःच्या चुकीतून कळला.

माझं गाव लोणी भापकर, बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातलं. वहिनीला सातवा महिना लागला होता. तिचा रक्तगट निगेटिव्ह, दादाचा पॉझिटिव्ह. अशा वेळी डॉक्टर आयसीटी नावाची टेस्ट सांगतात. बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आईच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्यात का, हे त्यात बघतात. नसतील तर साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात. तयार झाल्या असतील तर त्या इंजेक्शनचा उपयोग नसतो, आणि बाळावर वेगळं लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे रिपोर्ट वेळेत आणि बरोबर येणं गरजेचं.

रक्त गावातच काढलं आणि ट्यूब घेऊन बारामतीला मी निघालो. मे महिन्याचं ऊन, म्हणून डीप फ्रीजरमधले जेल पॅक थर्माकोलच्या डब्यात भरले आणि ट्यूब मधोमध खोचली. लॅबमधून फोन आला, "नमुना हिमोलाइज्ड आहे, परत पाठवा."

नेमकं काय झालं होतं?

साध्या पाण्याचा बर्फ शून्य अंशाला असतो. जेल पॅक मात्र फ्रीजरमधून काढला तेव्हा उणे १८ च्या आसपास असतो. त्याला चिकटलेली ट्यूब गोठते. रक्त गोठलं की पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि तांबड्या पेशी फुटतात. आतलं हिमोग्लोबिन बाहेर येऊन सीरम लालभडक होतं. यालाच हिमोलिसिस म्हणतात. आयसीटीत तर दुहेरी अडचण, कारण त्या टेस्टमध्ये पेशी चिकटल्या किंवा फुटल्या का, हेच डोळ्यांनी बघायचं असतं. द्रव आधीच लाल असेल तर बघणार काय?

म्हणून क्रम ठरलेला आहे. साध्या ट्यूबमधलं रक्त अर्धा तास खोलीच्या तापमानाला उभं ठेवून साकळू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, आणि वर आलेलं पिवळसर सीरम वेगळं काढायचं. गोठवायचं ते हे सीरम. दोन ते आठ अंशांत ते काही दिवस टिकतं. त्याहून जास्त थांबायचं असेल तर उणे २०, आणि वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर उणे ७० किंवा ८०. नेमके किती दिवस, हे प्रत्येक किटच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं आणि ते किटनुसार बदलतं.

अँटिबॉडी तशा चिवट असतात. २०२० च्या मे-जूनमध्ये आयसीएमआरने कोविडचा पहिला देशव्यापी सेरोसर्व्हे केला. आपल्याकडचे बीड, जळगाव, नांदेड, परभणी, सांगली आणि तेव्हाचं अहमदनगर हे सहा जिल्हे त्यात होते. सीरमचे नमुने शीतसाखळीतून थेट चेन्नईला नेऊन एकाच ठिकाणी तपासले. किट होतं पुण्याच्या एनआयव्हीने विकसित केलेलं कोविड कवच एलायझा. इतका प्रवास करूनही तपासणी होते, ती अँटिबॉडीच्या या चिवटपणामुळेच.

विषाणूच्या आरएनएचं तसं नाही. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला. असा विषाणू पीसीआरने शोधायचा तर नमुना थंड आणि लवकर पोचावा लागतो, कारण आरएनए पटकन तुटतो. अँटिबॉडी थोडा उशीर सोसतात. पण झिका आणि डेंगीच्या अँटिबॉडी टेस्टमध्ये एकमेकांची गल्लत करतात, तेव्हा नुसत्या त्यांच्यावर विसंबता येत नाही.

खरं नुकसान करतं ते वारंवार गोठवणं-वितळवणं. प्रत्येक फेरीत काही प्रथिनांची घडी उलगडते, ती एकमेकांना चिकटून गोळे होतात. आयजीजी बरंच सोसतं. आयजीएम आकाराने पाच-सहा पट मोठं, ते तुलनेने नाजूक. ज्यांची अँटिबॉडी मुळातच कमी आहे, सीमारेषेवर आहे, त्यांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट अशाने निगेटिव्ह होऊ शकतो. म्हणून लॅबवाले सीरम छोट्या छोट्या कुप्यांत वाटून ठेवतात आणि लागेल तेवढीच कुपी काढतात. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज तर यासाठी वाईटच. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच गरम होतो, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. लाइट गेली की वेगळंच.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. वितळलेल्या सीरममध्ये वरचा थर पाणचट आणि खालचा दाट होतो. कुपी हळूच चार-पाच वेळा उलटीपालटी न करता वरचंच उचललं तर आकडा कमी येतो. जोरात हलवायचं नाही, फेस होतो.

काही अँटिबॉडींना मात्र थंडीच चालत नाही. कोल्ड ॲग्लुटिनिन नावाच्या अँटिबॉडी थंडीत स्वतःच्याच तांबड्या पेशींना चिकटतात. रक्त फ्रीजमध्ये ठेवलं तर त्या साकळलेल्या गोळ्याबरोबर निघून जातात आणि सीरममध्ये कमी दिसतात. असा नमुना सीरम वेगळं होईपर्यंत ३७ अंशांवर, म्हणजे शरीराइतका कोमट ठेवावा लागतो.

वहिनीचं रक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. यावेळी गावातल्या टेक्निशियनने सीरम आधी वेगळं केलं, जेल पॅक थोडा वेळ बाहेर ठेवून घाम फुटू दिला आणि मध्ये वर्तमानपत्राच्या चार घड्या घातल्या. रिपोर्ट संध्याकाळी निगेटिव्ह आला, आणि इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं. सुई पुन्हा टोचून घ्यावी लागली म्हणून वहिनी मला अजून बोलते.