'गाडी लागली का?' : एका शब्दावर भांडणारी जोडी आपल्याला पुन्हा पुन्हा का हसवते?

नवरात्र सुरू आहे. मत्स्योदरी देवीच्या यात्रेमुळे अंबडचं बसस्थानक माणसांनी फुललंय. शाळेतले एक मास्तर घाईघाईनं आत येतात. बाकड्यावर गावातला सोपाना डोकं धरून बसलेला असतो.

मास्तर : काय रे सोपाना, गाडी लागली का?
सोपाना : लागली की मास्तर. मला बी लागली, बायकोला बी लागली. वडीगोद्रीपासून उलट्या चालू हायेत.
मास्तर : तसं नाही रे. जालन्याची गाडी फलाटाला लागली का?
सोपाना : फलाटाला कशी लागंल? त्यानं कुठं काय खाल्लंय?
मास्तर : बरं, ते जाऊ दे. जालन्याला जायला काय लागतं? तास, दीड तास?
सोपाना : तास न्हाई लागत. तिकीट लागतं.
मास्तर : अरे, मला घाई आहे! माझ्या पोराचा आज निकाल लागला.
सोपाना : अरारारा! पार निकालच लागला? आन् माती कव्हा हाय?
मास्तर : पास झालाय तो! आता त्याला नोकरी लागेल.
सोपाना : लागली तर लिंबू चोखायला द्या. मला गाडी लागली तव्हा मी त्येच केलं.

हा संवाद आम्ही या लेखासाठी रचला आहे. त्याचा साचा मात्र फार जुना आहे. एक माणूस सरळ बोलतो, दुसरा प्रत्येक शब्द भलत्याच अर्थानं घेतो आणि दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के खरे असतात. तमाशाच्या बोर्डावर हे चालायचं, पुढे नाटक-सिनेमात आलं आणि आज मोबाईलवर रील होऊन फिरतंय. शेवट काय होणार हे पाठ असूनही आपण परत हसतो. ते का, हे समजून घेऊ.

बतावणी म्हणजे नेमकं काय?

पारंपरिक तमाशाचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीला वंदन होतं. गौळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी येतात. वग म्हणजे मुख्य कथानाट्य. वग सुरू होण्याआधी दोन माणसं समोरासमोर उभी राहून जे शाब्दिक रण माजवतात, ती बतावणी.

यातला एक सरदार किंवा नाईक. तो प्रश्न विचारतो, समजावतो, चिडतो. दुसरा सोंगाड्या. तो ऐकतो, पण त्याला पाहिजे तेच ऐकतो. पुढे वगातही हीच जोडी वेश बदलून येते. कधी राजा आणि हुजऱ्या, कधी कोतवाल आणि हवालदार. 'गाढवाचं लग्न' या गाजलेल्या वगात सावळ्या कुंभार आणि त्याची बायको गंगी ही नवरा-बायकोची जोडी आहे. दादू इंदुरीकरांचा सावळ्या अजूनही जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीत आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या फडानं तर जोडीचं एक टोकच गाठलं. लहू आणि अंकुश खाडे हे सख्खे जुळे भाऊ, दिसायला सारखे. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी काळू आणि बाळू नावाचे पोलीस रंगवले. लोकांनी ती नावं अशी उचलली की पुढे फडही 'काळू-बाळू' याच नावानं ओळखला गेला.

संवादातून अर्थाची उलटापालट करायची ही सवय तमाशाच्याही आधीची आहे. अंबडच्या पश्चिमेला गोदाकाठी पैठण आहे. तिथल्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघं एकमेकांच्या श्रद्धेवर तुटून पडतात, एकमेकांचे शब्द एकमेकांवरच उलटवतात आणि शेवटी गळाभेट घेतात. विषय गंभीर आहे, पण लोकांना धरून ठेवतो तो दोघांचा सवाल-जवाबच.

अमेरिकेतला 'कोण' मराठीत का अडखळतो?

जगात या प्रकाराचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बड ॲबट आणि लू कॉस्टेलो या अमेरिकन जोडीचं 'हूज ऑन फर्स्ट'. मूळ कल्पना तिथल्या बर्लेस्क रंगमंचावर आधीपासून फिरत होती. या जोडीनं ती घासूनपुसून 1938 मध्ये रेडिओवर सादर केली. 1945 च्या 'द नॉटी नाइन्टीज' या सिनेमात तिचं चित्रीकरण झालं. 1999 मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं तिला शतकातलं सर्वोत्तम विनोदी स्किट म्हटलं.

गंमत अगदी साधी आहे. बेसबॉल संघात पहिल्या जागेवरच्या खेळाडूचं नाव 'कोण', दुसऱ्याचं 'काय' आणि तिसऱ्याचं 'माहीत नाही'. मग "पहिल्या जागेवर कोण आहे?" या प्रश्नाचं उत्तर येतं, "हो."

मराठीत हे पहिल्या वाक्यापुरतं मस्त जमतं. पुढे गाडी अडते, कारण आपल्याकडे नामाला प्रत्यय लागतात. प्रश्न विचारताना आपण 'कोणाला' म्हणतो. पण एखाद्याचं नावच 'कोण' असेल, तर 'कोणला' म्हणावं लागेल. 'काय'चं तर 'कशाला' होतं, आणि 'काय' नावाच्या माणसाला कुणी 'कशाला' म्हणणार नाही. प्रत्यय आला की नाव आणि प्रश्न वेगळे पडतात आणि गुपित फुटतं.

म्हणून मराठी जोड्यांनी दुसरा रस्ता धरला. आपल्याकडे काही क्रियापदं अशी आहेत की त्यांना अर्थाची गणतीच नाही. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेड लागतं, नंबर लागतो, दिवा लागतो, डोळा लागतो. गाडी तर दोन प्रकारे लागते : एकदा फलाटाला आणि एकदा पोटाला. 'पडणे', 'बसणे', 'मारणे', 'उठणे' हीसुद्धा त्याच कुळातली. अंबडच्या स्टँडवर सोपानाला खोटं बोलावं लागलं नाही. भाषेनं दिलेला दुसरा अर्थ त्यानं फक्त उचलला.

मुळात आपण हसतो कशाला?

फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बेर्गसाँ यांचं हास्यावरचं पुस्तक 1900 मध्ये आलं. त्यांच्या मते, एकच प्रसंग एकाच वेळी दोन स्वतंत्र अर्थांनी वाचता येत असेल, तर हसू येतं. बतावणीत नेमकं हेच असतं. मास्तरांच्या डोक्यात एक गोष्ट चालली आहे, सोपानाच्या डोक्यात दुसरी. दोन्ही एकदम दिसतात त्या फक्त आपल्याला.

म्हणूनच शेवट माहीत असला तरी मजा जात नाही. कोड्याचं उत्तर कळलं की कोडं संपतं. इथं उत्तर आपल्याला पहिल्या ओळीपासून माहीत असतं. आपण वाट बघतो ती सरळ माणसाचा तोल कधी जाणार याची, आणि तो सरकताना पाहायला दर वेळी तेवढीच गंमत येते.

यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, सोंगाड्यानं आपण विनोद करतोय हे दाखवायचं नाही. त्याला खरंच तसं ऐकू आलं आहे, हे पटलं पाहिजे. दुसरी, प्रत्येक गैरसमज आधीच्यापेक्षा एक पायरी वर हवा. उलटीपासून सुरू झालेली गोष्ट मातीपर्यंत पोचते, ती अशीच. तिसरी आणि सर्वांत अवघड, सरळ माणसानं शेवटपर्यंत खरंच समजावत राहायचं. तो मध्येच हसला किंवा निघून गेला की खेळ खलास.

टाळ्या सोंगाड्याला मिळतात, पण लय सरळ माणसाच्या हातात असते. अमेरिकन बर्लेस्कमध्ये हे ओळखलेलं होतं. तिथं सरळ माणसाला जास्त वाटा द्यायची पद्धत होती. ॲबट-कॉस्टेलो यांची सुरुवातीची वाटणीही साठ-चाळीस होती, आणि साठ ॲबटचे.

हसण्याआडून चिमटा

आता महत्त्वाचा मुद्दा. या जोडीत दोघं बरोबरीचे नसतात. एक राजा, दुसरा हुजऱ्या. एक मास्तर, दुसरा गावातला सोपाना. हुकूम देणारा वरचा, आणि त्या हुकमाचा अर्थ लावणारा खालचा.

तमाशातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आले. गावात ज्यांना पाटलासमोर मान वर करून बोलता येत नसे, त्यांना बोर्डावर राजाला उलट उत्तर देता येत असे. ढाल एकच, "मला तसं ऐकू आलं." मुद्दाम केलेला अपमान शिक्षेला पात्र ठरतो, पण न कळल्याची शिक्षा कोण देणार?

ही ताकद चळवळींनी ओळखली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यात भटशाही, सावकारी यांच्यावरचे सवाल भरले. पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी आणि अण्णाभाऊ साठे यांच्या लोकनाट्यांनी तेच केलं. भाषण ऐकायला न येणारा माणूस दोघांची जुंपलेली ऐकायला थांबतो आणि जाताना मुद्दा घरी घेऊन जातो.

बोर्डावरून मीममध्ये

हा प्रवास समजून घ्यायला एकच नाव पुरेसं आहे : वसंत सबनीस.

1965 मध्ये त्यांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य रंगमंचावर आलं. तमाशाचा बाज, राजा-प्रधान-कोतवालाची गोष्ट आणि त्यात दादा कोंडके. नाटक लिहिलेलं होतं, पण दादा त्या दिवशीच्या बातम्या, समोरचा प्रेक्षक, गावाचं नाव असं काहीही पकडून त्यात भर घालत. ही सवय थेट बतावणीची. 1971 चा 'सोंगाड्या' हा सिनेमाही सबनीसांनीच लिहिला, आणि त्याचं नावच बोलकं आहे.

23 सप्टेंबर 1988 ला 'अशी ही बनवाबनवी' आला. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, लेखक पुन्हा वसंत सबनीस. अशोक सराफ यांचा धनंजय माने आणि सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार यांचा औषधाचा प्रसंग आठवा. घरमालक दिलेल्या पैशांची चौकशी करतो आणि माने माणसासोबत सत्तर रुपयांनाही 'वारले' म्हणून टाकतो. 'वारणे' हा शब्द आपण फक्त माणसांसाठी, तोही आदरानं वापरतो. तो नोटांना लावल्याबरोबर घरमालक गप्प! पैसे मागावेत की दुखवटा पाळावा?

हा प्रसंग सरदार-सोंगाड्याचाच आहे, फक्त पागोट्याऐवजी शर्ट-पँट आली. त्या सिनेमानंतर जन्मलेली पोरं आज मित्रानं उसने पैसे बुडवले की त्याच प्रसंगाचं मीम टाकतात. टीव्हीवर 'फू बाई फू' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांनीही जोड्या घडवल्या. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची स्किट बघताना दोघांपैकी एकाच्या चेहऱ्यावरचा वैताग बघा. त्या वैतागाशिवाय दुसऱ्याचा विनोद अर्धाच राहील.

रीलमध्ये काय सुटतं?

रीलला शेवटची ओळ लागते. बतावणीचा जीव त्या आधीच्या पायऱ्यांत असतो. "लिंबू चोखायला द्या" एवढंच कापून टाकलं तर कोणी हसणार नाही, कारण गाडी आधी लागलेली नाही. 'बनवाबनवी'चे तुकडे चालतात ते आपल्या डोक्यात पूर्ण सिनेमा साठवलेला आहे म्हणून. जो प्रकार पूर्ण कधी पाहिलाच नाही, त्याचे तुकडे फार दिवस टिकत नाहीत.

दुसरी अडचण मोठी आहे. सबनीसांचं लिखाण उरलं, सिनेमाची प्रिंट उरली. बतावणी मात्र बहुतेक वेळा कागदावर नव्हतीच. ती त्या दोघांच्या सवयीत होती. कोणी कुठं थांबायचं, कोणत्या गावात कोणता शब्द उचलायचा, हे वर्षानुवर्षं एकत्र उभं राहून जमतं. जोडीतला एक गेला की दुसऱ्याकडे अर्धीच बतावणी उरते. नारायणगावला दरवर्षी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे यात्राच बंद राहिल्या. हंगामावर जगणाऱ्या कलावंतांचे ते दोन हंगाम कोरडे गेले.

यातली बोलीही तिथल्या तिथली असते. सोपानाची 'माती कव्हा हाय' ही ओळ 'अंत्यविधी कधी आहे' अशी केली, तर अर्थ तोच राहतो आणि हसू जातं. मराठवाड्यात 'माती' म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्यालाच मास्तरांचा धक्का पूर्ण कळतो.

तेव्हा पुढच्या वेळी गावच्या यात्रेत दोन म्हातारे पारावर एका शब्दावरून जुंपलेले दिसले, तर मोबाईल काढाच. फक्त रेकॉर्डिंग पंधरा सेकंदांवर थांबवू नका. पहिल्या प्रश्नापासून सुरू करा आणि सरळ माणूस वैतागून उठेपर्यंत चालू ठेवा. तोपर्यंत तुमची गाडी लागली, तर तुमचं तुम्ही बघा. फलाटाला की पोटाला, ते सोपाना सांगेल.