शाळा सोडण्याचे कारण

एप्रिल 1982. नळाला पाणी आलं की तुम्हाला जाग येते, कारण गिरणीचा भोंगा वाजायचा बंद झालाय. मुंबईत लालबागच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली. गॅलरीत झोपलेल्या माणसांच्या पायांमधून वाट काढत तुम्ही कळशी घेऊन निघता. या घडीला तुम्ही आई आहात. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. नवरा मिलमध्ये साचेखात्यात, आणि 18 जानेवारीपासून गिरणी संपामुळे घरी.

भोंगा नाही म्हणजे काय, हे परीक्षेच्या आठवड्यात कळतं. पहिल्या पाळीच्या भोंग्याला मुलगी पुस्तक मिटून उठायची, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याआधी मुलाचं जेवण व्हायचं. घरात घड्याळ लागलंच नाही कधी. आता पेपरच्या दिवशी मुलाला नाक्यावरच्या इराण्याकडे पिटाळता, घड्याळ बघून ये म्हणून. मुलीला आज बीजगणित आहे. पेनात शाई, पुठ्ठ्याला चिमटा, कंपासपेटीत टोक काढलेली पेन्सिल. ती देवाच्या आणि तुमच्या पाया पडते आणि जिना उतरते. तुम्ही पीठ मळायला बसता.

कारण घरात गिरणी कामगारांची खाणावळ चालू आहे. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, म्हणून निदान सावकाराऐवजी बँकेचं दार तरी माहीत झालं. पण यंदा जेवायला येणारी अर्धी माणसं गावी निघून गेलीत. जाताना ‘संप मिटला की देतो’ म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. सगळा गिरणगाव तेच म्हणतोय. पुढच्या महिन्यात मिटेल. संपाचे पुढारी डॉक्टर सामंत मिटवतील. गेल्या दिवाळीच्या बोनसवरून पेटलेली गोष्ट एवढी लांबेलच कशी?

तुम्ही मात्र पुढच्या काळातून आला आहात. तुम्हाला ठाऊक आहे, अडीच लाख कामगारांचा हा संप पुढच्या महिन्यात मिटणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. ही माहिती या खोलीत कुणाला सांगता येत नाही, आणि निर्णय तर या आठवड्यात घ्यायचाय.

नवरा भिंतीला टेकून बसलाय. सकाळी सभेला जाऊन आला. “चला गावाक,” तो म्हणतो, “थंय शाळा नाय काय?” शाळा आहे. चौथी-पाचवीची नक्कीच आहे. दहावीसाठी मुलीला किती चालावं लागेल, हे त्यालाही माहीत आहे, म्हणून तो तुमच्याकडे बघत नाही. तो वाईट माणूस नाही. चाळीच्या जिन्यावर दिवसभर बसून राहणं त्याला सोसत नाही, एवढंच.

वर्ष संपताना शाळा आईकडे किती गोष्टी मागते, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. सत्राची फी. वाचनालयाचं राहिलेलं पुस्तक. प्रयोगवहीवर सही. जूनमध्ये फी-सवलतीसाठी ईबीसीचा फॉर्म भरायचा म्हणून उत्पन्नाचा दाखला. त्या फॉर्मवर वडिलांचं मासिक उत्पन्न विचारलंय. मुलगी पेन हातात धरून थांबते, “काय लिहू?” तुम्ही तिला गेल्या वर्षीचा आकडा सांगत नाही. ‘रकाना रिकामा ठेव, बाईंना विचार’ म्हणता. बाई गिरणगावातल्याच आहेत, त्या समजून घेतात.

पेपर संपले त्या दुपारी दोन्ही मुलांच्या जुन्या वह्या समोर येतात. कोरी पानं फाडायची, एकावर एक रचायची, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायची. जुन्या कॅलेंडरचं कव्हर. शेजारच्या खोलीतली मुलगी आत्ताच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालीय. तिची पुस्तकं अर्ध्या किमतीत ठरलेली. ती आणून देते आणि म्हणते, “काकी, पैसे नंतर द्या.” भूमितीच्या पुस्तकात तिने पेन्सिलीने प्रमेयांवर खुणा केल्यात. पुस्तकं घरात आली, तेव्हाच मुलगी इथे राहणार हे ठरलं. वेगळं बोलणं झालंच नाही.

मुलाचं तसं नाही. त्याच्या शाळेत तुम्ही स्वतः जाता, शाळा सोडल्याचा दाखला काढायला. टेबलासमोर रांग आहे, आणि रांगेतल्या बहुतेक बायकांना तुम्ही नळावर भेटता. लेखनिक विचारतात, “जिल्हा?” तुम्ही रत्नागिरी सांगता. ते मान न उचलता दुरुस्त करतात, “कणकवली ना? मग आता सिंधुदुर्ग.” गेल्या वर्षी 1 मेला जिल्हा वेगळा झालाय. वर्तणूक: चांगली. प्रगती: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या अर्जावरून. तुमच्या मागे उभ्या असलेल्या बाईच्या मुलाच्या दाखल्यावर तेच. तिच्या मागच्या बाईच्याही. संप हा शब्द कुठेही येत नाही. तुम्ही शिकून घेतलेली सही करता, जरा वेळ लावून.

शनिवारी महाराष्ट्र दिन. झेंडावंदन, मग निकाल. मुलगी वरच्या वर्गात गेली, गणितात गुण चांगले. ती प्रगती पुस्तक आधी बापाच्या हातात देते. तो ते खूप वेळ वाचतो, मग घडी न घालता पिशवीत कपड्यांच्या मध्ये ठेवतो, गावी दाखवायला. तुम्ही ते काढून घेता, कारण शाळेत परत द्यायचंय. मुलगा विचारतो, “आई, माझी पाचवीची पुस्तकं गावात मिळतील?” मिळतील, तुम्ही म्हणता.

रात्री परळला एसटीच्या रांगेत एक पूर्ण तिकीट आणि एक अर्धं. कोकण रेल्वे यायला अजून सोळा वर्षं आहेत. स्टँडवर ट्रंका, वळकट्या, आणि सुट्टी लागल्याच्या आनंदात पळणारी पोरं. यातली किती जूनमध्ये परत येतील, हे तुम्हाला त्यांच्या आयांपेक्षा जास्त माहीत आहे.

आता तुम्ही परत या.

तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्यावर पुस्तकं आली, नाटक-सिनेमे आले, आणि त्यांत बोनस, युनियन, मालक, जमिनी हे सगळं आहे. त्या शालेय वर्षाच्या अखेरीस घरं कशी दोन गावांत वाटली गेली, हे मला वाटतं शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये जास्त सापडेल, ‘पालकांच्या अर्जावरून’ या एका ओळीखाली. तुमच्या घरात 1982 चा दाखला किंवा प्रगती पुस्तक असेल, तर ते रद्दीत घालू नका. तो दाखला रांगेत उभं राहून आणणारी बाई अजून असेल, तर तिला खरं कारण विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.