दिनविशेष : १० जानेवारी १९९१ – डोळ्यांना उमगेना, हाताला उमगले

‘नेचर’च्या १० जानेवारी १९९१ च्या अंकात मेल्विन गुडेल, डेव्हिड मिल्नर आणि सहकाऱ्यांचा अवघ्या तीन पानांचा निबंध आला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात मेंदू आणि कृती यांचा संबंध शोधणाऱ्या मिल्नर यांच्या कारकिर्दीचा तो कळसच म्हणावा. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने मेंदूला इजा झालेल्या एका स्त्रीसमोर टपालपेटीच्या तोंडासारखी तिरपी फट ठेवली. हातातले कार्ड तसेच तिरके धरून दाखवणे तिला जमेना. पण ‘आत टाका’ म्हणताच मनगट वाटेतच अचूक वळे. म्हणजे वस्तू ओळखणारा दृष्टिमार्ग वेगळा, हाताला दिशा देणारा वेगळा, असे त्यांनी मांडले. एका रुग्णावर एवढा डोलारा? आक्षेप रास्तच. पण वस्तू ओळखता येते, हात मात्र भलतीकडेच जातो, असा नेमका उलटा रुग्ण हंगेरीच्या बालिंट यांनी १९०९ मध्येच नोंदवला होता. दोन्ही मार्गांत देवाणघेवाण चालते, हे पुढे दिसले. त्याने भिंत पातळ झाली, पडली नाही. मिल्नर नंतर डरहॅम विद्यापीठात गेले. गुडेल आणि मिल्नर या दोघांचे ‘द व्हिज्युअल ब्रेन इन ॲक्शन’ हे पुस्तक १९९५ मध्ये निघाले.