कोलोनोस्कोपी : आतड्याच्या आजारांचे निदान कसे होते?

शौचावाटे रक्त गेले की बहुतेक जण "उष्णता झाली असेल" किंवा "मूळव्याध असेल" असे स्वतःच ठरवून मोकळे होतात. बऱ्याचदा ते खरेही असते. पण मूळव्याध आहे म्हणजे दुसरा आजार नाही, असे होत नाही. एकाच व्यक्तीला मूळव्याध आणि आतड्यातली गाठ दोन्ही असू शकतात. आत काय आहे हे पाहण्यासाठी कोलोनोस्कोपी करावी लागते.

कोलोनोस्कोपी म्हणजे काय?

साधारण बोटाएवढ्या जाडीची, लवचीक, टोकाला कॅमेरा व दिवा असलेली नळी गुदद्वारातून आत नेऊन सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग तपासला जातो. सोनोग्राफीत आतड्याचे आतले अस्तर नीट दिसत नाही. त्यामुळे "सोनोग्राफी नॉर्मल आली, मग हे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी पाहतात.

डॉक्टर ही तपासणी केव्हा सांगतात?

- शौचावाटे वारंवार रक्त जाणे, विशेषतः वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असल्यास
- काही आठवडे टिकणारे जुलाब, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता
- कारण नसताना वजन घटणे
- पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन कमी होणे
- आई-वडील किंवा भावंडांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे. अशा वेळी त्रास नसला तरी साधारण ४० व्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या १० वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा तपासणी करतात.

तरुण वयात, रक्त किंवा वजनघट नसताना, केवळ गॅस आणि पोट साफ न झाल्याची भावना असेल तर बहुतेकांना कोलोनोस्कोपीची गरज नसते.

निदानात नेमका उपयोग काय?

कोंब (पॉलिप) आणि कर्करोग : मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग लहान कोंबापासून, अनेक वर्षांत तयार होतात. असा कोंब दिसला तर बहुधा त्याच वेळी काढता येतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिस : यात सूज गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर पसरते. ती कुठपर्यंत आहे, यावर औषधे ठरतात.

टीबी की क्रोन्स? : आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दोन्ही आजार अनेकदा लहान व मोठे आतडे जुळतात तिथेच होतात आणि दिसायलाही सारखे असतात. क्रोन्ससाठी दिलेली स्टिरॉइड्स टीबीच्या रुग्णाला दिली तर टीबी बळावू शकतो. म्हणून तिथले अनेक छोटे तुकडे (बायोप्सी) घेतात. काही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तर काही टीबीचे जंतू शोधण्यासाठी पाठवतात. तरीही खात्री झाली नाही, तर काही रुग्णांना टीबीचे औषध सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात आणि जखमा भरल्या का ते पाहतात.

आतडे वरून अगदी नॉर्मल दिसले तरी दीर्घकाळ पातळ जुलाब असतील तर बायोप्सी घेतात, कारण काही प्रकारची सूज फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. बायोप्सी घेतली म्हणजे कर्करोगाचा संशय आहे, असे समजू नका.

तयारी : अर्धे यश इथेच

आतडे साफ नसेल तर लहान कोंब दिसत नाहीत आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

- दोन-तीन दिवस आधीपासून मऊ भात, दही-ताक, साल काढलेला बटाटा असा हलका आहार घ्या. पालेभाज्या, भाकरी, कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, पेरू, टोमॅटो, डाळिंब टाळा.
- आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा असे पातळ पदार्थ घ्या. लाल रंगाची पेये नकोत.
- पोट साफ करण्याची पावडर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून दिलेल्या वेळीच प्या. निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे सकाळी घेतल्यास आतडे जास्त चांगले साफ होते. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाण्यासारखे शौचाला व्हायला हवे.
- लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात.
- रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नका, विशेषतः स्टेंट बसवलेला असल्यास. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिनचे प्रमाणही आधी विचारून घ्या.

पोट फुगून खूप दुखत असेल, उलट्या होत असतील आणि शौच व गॅस दोन्ही बंद असतील तर ही पावडर घेऊ नका. ताबडतोब रुग्णालयात जा.

दुखते का? धोका किती?

गुंगीचे इंजेक्शन देतात, त्यामुळे फारसा त्रास होत नाही. तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. बायोप्सीचा चिमटा जाणवत नाही. नंतर काही वेळ पोट फुगल्यासारखे वाटते. सोबत घरचे कोणीतरी असू द्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. आतड्याला छिद्र पडणे किंवा जास्त रक्तस्राव होणे हे धोके आहेत, पण ते क्वचित घडतात. घरी गेल्यावर तीव्र पोटदुखी, ताप किंवा बरेच रक्त गेल्यास लगेच रुग्णालय गाठा.

रिपोर्ट पाहताना

तपासणी आतड्याच्या सुरुवातीपर्यंत (सीकम) पोहोचली का आणि आतडे किती साफ होते, हे डॉक्टरांना विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तो घेऊन पुन्हा डॉक्टरांना भेटल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. संकोचामुळे अनेक जण ही तपासणी महिनोन्महिने पुढे ढकलतात. लक्षणे वरच्या यादीत बसत असतील तर थांबू नका.