उपाशी शरीरांतील साखर

रात्रीं आठ वाजतां जेवलेला मनुष्य सकाळीं आठपर्यंत कांहीं खात नाहीं. तरीहि त्याच्या रक्तांतील साखर आटत नाहीं. निरोगी माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तांत त्या वेळीं सुमारें ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतें. पोटांत अन्न नसतां ही साखर येते कोठून आणि तिला या मर्यादेंत ठेवतो कोण? या दोन साध्या प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यास शास्त्रज्ञांचें शतक खर्चीं पडलें.

साखर घडविण्याचें सामर्थ्य केवळ वनस्पतींत असतें, प्राणी ती फक्त खाऊन खर्च करतात, असा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत समज होता. पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनीं १८४८ सालीं त्यास धक्का दिला. केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या यकृतांतून बाहेर पडणाऱ्या रक्तांतहि त्यांना साखर सांपडली. १८५५ मध्यें त्यांनीं एक यकृत आंतून पाण्यानें धुऊन साखररहित केलें. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों त्यांत पुन्हां साखर! ज्या सांठ्यापासून ती होते, तें ग्लायकोजेन त्यांनीं १८५७ मध्यें वेगळें काढून दाखविलें. यकृत हें शरीराचें कोठार ठरलें.

परंतु कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं? १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्याच्या मूत्रांतून साखर जाऊं लागली. १९२१ मध्यें टोरांटोस बँटिंग व बेस्ट यांनीं या पिंडाचा गुणकारी अर्क मिळविला. कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आला आणि मृत्यूच्या दारांतून तो परतला. इन्शुलिन हें कोठार बंद करणारें हॉर्मोन होय.

तें उघडणाऱ्या हॉर्मोनाचा मागहि त्याच पिंडांत लागला. साखर वाढविणाऱ्या या द्रव्यास १९२३ मध्यें किंबल व मर्लिन यांनीं ग्लुकागॉन हें नांव दिलें. पुढें अर्जेंटिनाच्या हुसे यांनीं दाखविलें कीं, स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पिट्यूटरी ग्रंथीहि काढली, तर त्याचा मधुमेह सौम्य होतो. साखर वाढविणारीं हॉर्मोनें अनेक आहेत, हें त्यावरून उमगलें. हुसे यांना १९४७ चें नोबेल पारितोषिक कोरी पतिपत्नींसमवेत मिळालें.

उपवासांत इन्शुलिन ओसरतें व ग्लुकागॉन वरचढ होतें. यकृत आधीं ग्लायकोजेन मोडतें. तें संपत आलें कीं, प्रथिनांच्या घटकांपासून नवें ग्लुकोज घडवितें. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल व वाढीचें हॉर्मोन हीं साह्यास असतात. हा सारा खटाटोप मुख्यत्वें मेंदूसाठीं. कारण त्याला दिवसाकांठीं सुमारें १२० ग्रॅम ग्लुकोज लागतें.

मधुमेही माणसाची सकाळची साखर उपाशीपोटींहि चढलेली कां असते, याचें उत्तर या इतिहासांत आहे. इन्शुलिनचा धाक कमी पडला, म्हणजे यकृत रात्रभर साखर सोडीत राहतें. रोग्यानें चोरून कांहीं खाल्लें असेल, असा घरच्यांचा संशय पुष्कळदां अन्यायाचा ठरतो. तसेंच, उपवास आहे म्हणून वैद्याच्या सल्ल्यावांचून औषध सोडणें किंवा नेहमीच्याच मात्रेनें घेणें, हीं दोन्हीहि धोक्याचींच. पोट रिकामें असलें तरी कोठार रिकामें नसतें.