फिकट आसन, गडद आसन : मोटारीच्या अंतरंगाचा एक इतिहास

आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या मुलाने, मी गाडी घेतली त्या आठवड्यात, एकच प्रश्न विचारला होता : "सर, आतून काळी आहे का पांढरी?" बाहेरून पुसण्याचा त्याचा महिन्याचा दर सर्वांना सारखा होता. आतून साफ करण्याचे पैसे वेगळे, आणि त्यातही फिकट आसनांना अधिक. मी 'बेज' म्हणून सांगितलेला रंग त्याच्या हिशेबी पांढराच होता. मोटारींविषयी लिहिणारे लोक प्रशस्तपणाचा भास, उन्हाळ्यातला उष्मा, 'स्पोर्टी' रूप अशा मुद्द्यांचा खल करत असतात. आतला रंग हा मुळात कुणाच्या तरी हातातल्या फडक्याचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या मुलाने एका वाक्यात सांगितली. तिच्या मागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मोटार ही घोडागाडीची वारस, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण वारसा केवळ चाकांचा आणि धावेचा नव्हता. श्रीमंतांच्या बग्गीत गाडीवान उघड्यावर बसे आणि मालक बंद पेटीत. गाडीवानाच्या बैठकीवर ऊन-पाऊस पडणार म्हणून ती चामड्याची, बहुधा काळी. मालकाची बैठक कापडाची, दिवाणखान्यातल्या कोचासारखी. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत युरोप-अमेरिकेत ज्या लिमोझिन बांधल्या गेल्या, त्यांनी ही विभागणी जशीच्या तशी उचलली. शोफरच्या वाट्याला गडद चामडे. काचेच्या पडद्यामागे मालकासाठी बदामी किंवा फिकट करडे लोकरी कापड. आज चामड्याची आसने म्हणजे चैनीची परिसीमा मानली जाते. त्या काळी चामडे ही चाकराच्या जागेची खूण होती. ते पुसून घेता येई, आणि पुसून घ्यावे लागणे हेच कमीपणाचे लक्षण होते. मळेल अशा वस्तूवर निर्धास्त बसण्याचा अधिकार ज्याच्यापाशी, तो मालक. एकाच गाडीत, दोन हातांच्या अंतरावर, दोन रंग दोन वर्ग सांगत असत.

मग मोटार सर्वसामान्यांची झाली, आणि प्रथम ती काळी झाली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ची उघडी गाडी ही शेतकऱ्याची, डॉक्टरची, फिरत्या विक्रेत्याची गाडी. स्वतः चालवायची, स्वतः धुवायची. तिची आसने काळी. आधी चामड्याची, नंतर नकली चामड्याची. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर चढवून हे नकली चामडे बनवत. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनी ते 'फॅब्रिकॉइड' या नावाने विके. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावात त्याच जातीचा माल तयार होई, त्याचे व्यापारी नाव 'रेक्झीन'. हे नाव आपल्याकडे आले ते कायमचे. कंपनीचा विसर पडला, कृती बदलली, नायट्रोसेल्युलोजच्या जागी पीव्हीसी आले, तरी मराठीत ते रेक्झीनच राहिले. रिक्षाची गादी, दवाखान्यातले बाक, शिवणयंत्राचे आच्छादन, वकिलाची बॅग : जिथे वर्दळ अधिक आणि निगा राखणारे हात कमी, तिथे रेक्झीन. एखाद्या शब्दाच्या अर्थक्षेत्राचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हा शब्द अवश्य घ्यावा.

फिकट रंग सामान्य गाडीत आला तो छपरामागोमाग. अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जेमतेम दहा टक्के गाड्या बंद होत्या. १९२७ साली हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर गेले. हडसन कंपनीची 'एसेक्स' ही बंद गाडी १९२५ पर्यंत उघड्या गाडीपेक्षा स्वस्त झाली होती. छप्पर आणि काचा आल्या, पाऊस बाहेर राहिला, आणि दिवाणखान्यातले कापड मध्यमवर्गाच्या गाडीत शिरू शकले. जनरल मोटर्सने १९२७ साली हार्ली अर्लच्या हाताखाली कला आणि रंगाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा रंग हा विक्रीचा विषय झालाच होता. आता मालक आणि चालक एकच व्यक्ती होती. फिकट कापड होते, ते झटकणारा शोफर मात्र नव्हता. या नव्या मालकांनी मग फिकट आसनांवर खोळी चढवल्या. पुढे पन्नाशीच्या दशकात तर पारदर्शक प्लॅस्टिकच्याही. म्हणजे रंग दिसावा, पण त्याला कुणी शिवू नये.

खोळीचा हा विचार गाडीहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले पुरुष केसांना मॅकॅसर तेल चोपडत. या तेलाचा लौकिक इतका की बायरनच्या 'डॉन हुआन'च्या पहिल्याच सर्गात (१८१९) त्याचा उल्लेख आहे. त्या तेलाचे डाग खुर्च्यांच्या पाठींवर पडू लागले म्हणून पाठीवर टाकायचे एक धुता येण्याजोगे वस्त्र निघाले, आणि त्याला इंग्रजीत नावच पडले 'अँटिमॅकॅसर'. आपल्याला हे नवे नव्हते. पेढीवरची गादी, लोड, तक्के यांना पांढरेशुभ्र अभ्रे, गाण्याच्या बैठकीला पांढरी चादर. तेल, पानाची पिंक, शाई, घाम हे सारे माहीत असलेल्या समाजाने शुभ्र रंग निवडला, कारण अभ्रा काढता येत असे आणि तो धुणारे हात घरात किंवा गावात होते. अभ्र्याची शुभ्रता ही कापडाची नव्हे, धुण्याच्या वारंवारितेची ग्वाही असे.

अॅम्बॅसडर मोटारीच्या मागच्या आसनावरचा पांढरा टॉवेल मला या परंपरेचा थेट वंशज वाटतो. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडत होती, आणि त्यातला बराच काळ ती सरकारचे वाहन होती. मंत्री, जिल्हाधिकारी, कुलगुरू यांच्या गाडीत तो टर्किश टॉवेल असे. पाठीवर एक, बैठकीवर एक. गंमत अशी की त्या टॉवेलाखालच्या मूळ आसनाचा रंग कोणता होता, हे आज विचारले तर कुणालाही आठवत नाही. कारखान्याने दिलेला रंग काहीही असो, सत्तेचा रंग वरून घातला जाई आणि मळला की बदलला जाई. खादीच्या शुभ्रतेशी त्याचे नाते उघड आहे. आणि पुढे, चालकाच्या बैठकीवर? तिथे टॉवेल दिसलाच तर तो चालकाचा स्वतःचा, खांद्यावरचा, घाम पुसण्याचा. लिमोझिनमधली काच गेली, दोन रंगांची विभागणी मात्र टॉवेलाच्या रूपाने टिकली.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची कथा दुसऱ्या टोकाची. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. माझ्या आठवणीतल्या पद्मिनीची आसने गडद रेक्झीनची : तपकिरी, लालसर, काळपट, कधी त्यावर नक्षी. बसणारा अनोळखी, दिवसाला अनेक; पुसणारा एकच, तोच चालवणारा. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमाने तरुण रेखनकारांकडून टॅक्सीच्या आसनांसाठी आणि छतासाठी रंगीबेरंगी चित्रकापड करून घेतले, तेव्हा त्याचे कौतुक झाले ते योग्यच होते. गच्च भरलेली नक्षी मळ लपवण्याच्या कामीही येते, हे मात्र टॅक्सीवाल्यांना आधीपासून ठाऊक असावे.

उष्म्याचा मुद्दा इथेच निकालात काढतो. काळा पृष्ठभाग अधिक ऊन शोषतो, यात वाद नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोनात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आसनांचे ५१ च्या आसपास आढळले. मे महिन्यात काळ्या आसनावर बसणारा हे प्रयोगाविना जाणतो. पण उष्म्यानेच निवड ठरत असती, तर वांद्र्याच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या टॅक्सीची आसने सर्वांत फिकट असायला हवी होती. डॅशबोर्डच्या वरच्या अंगाबाबत तर निवडीला वावच नाही. ते फिकट असेल तर त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि रस्ता धुरकट दिसतो. म्हणूनच बेज गाडीतही डॅशबोर्डचा माथा काळा किंवा गडद करडा ठेवतात.

उदारीकरणानंतर, विशेषतः या शतकाच्या पहिल्या दशकात, आपल्या मध्यमवर्गाने बेज रंग मनापासून जवळ केला. गाडी आतून मोठी वाटते, उजळ वाटते, 'वरच्या दर्जाची' वाटते. टॉवेलाशिवायची शुभ्रता प्रथमच आपल्या नावावर झाली होती. आसनांवरचे कारखान्यातले प्लॅस्टिक महिनोन्‌महिने न काढणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. हसायचे तर स्वतःलाच हसावे लागेल. आमच्या बेज आसनावरचा पहिला डाग शोरूमच्या दारातच पडला, आणि तो हळदीचा होता. पूजा बाहेर बॉनेटवर झाली, पण आईने हात न धुता आत बसून पाहिले. तिला काय म्हणणार? दुसरा डाग माझ्या स्वतःच्या जीन्सचा. नीळ सुताच्या धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेली नसते, नुसती चिकटून असते. घासले की सुटते, आणि फिकट आसन ती आनंदाने स्वीकारते. पावसाळ्यातल्या छत्र्या, चिखलाच्या चपला, मुलाच्या हातातली भेळ यांची नोंद वेगळी करत नाही.

साधा उपाय खोळ. पण आजच्या अनेक गाड्यांत आसनाच्या कडेला शिवणीत एअरबॅग दडवलेली असते. वर घट्ट खोळ चढवली तर ती नीट उघडेलच असे नाही, म्हणून आसनाला छोटी चिठ्ठी लावून खोळ घालू नका असे बजावलेले असते. पेढीच्या गादीपासून चालत आलेली काढता-घालता येणारी शुभ्रता इथे संपते. आता रंग आसनाच्या अंगचा आहे. तो धुवायला नेता येत नाही, धुणाऱ्याला गाडीत यावे लागते.

तो रविवारी येतो. दारे चारही उघडी टाकून, गुडघे पायपुसणीवर टेकून, साबणाच्या फेसाने पाठी घासतो. स्वतः मात्र आसनावर कधी बसत नाही. मागल्या महिन्यात मी म्हटले, "अरे, बसून कर, पाठ दुखेल." तो म्हणाला, "नको सर, माझी पँट ओली आहे. डाग पडला तर परत मलाच काढायचा."